'स्नेक'ची जात ओळखा, मगच पैसे मोजा

दुकानाच्या गल्ल्याजवळ, दवाखान्याच्या बाकाशेजारी, लग्नाच्या हॉलच्या पायरीवर हल्ली एक झाड हमखास दिसते. ना फांदी, ना बुंधा. मातीतून सरळ वर आलेली, ताठ, तलवारीसारखी पाने आणि त्यावर सापाच्या अंगावर असावेत तसे आडवे पट्टे. नर्सरीवाले याला 'स्नेक' म्हणतात. कोणी चेष्टेने 'सासूबाईंची जीभ' म्हणतात. आखाती देशांत नोकरी करून आलेल्या आमच्या बांधवांनी तेथे याच झाडाला 'जिल्द अन्-निम्र', म्हणजे वाघाचे कातडे, असे म्हणताना ऐकले असेल. तुर्की लोक याला 'पाशाची तलवार' म्हणतात. नावे पुष्कळ आहेत, आणि पुढे आम्ही जो घोटाळा सांगणार आहोत तो बराचसा या नावांचाच आहे.

व्यापाराच्या पानावर घरातल्या कुंडीचे काय काम, असे काही वाचकांस वाटेल. कारण असे घडले. हार्डवेअरचा धंदा करणारे आमचे एक स्नेही एके दिवशी दोन कुंड्या घेऊन आले. एक त्यांनी शंभराच्या आत घेतली होती, दुसरीला हजाराच्या वर मोजले होते. "भाई, दोन्ही स्नेकच ना? मग भावात एवढा फरक कसा? खिळ्याला इंच असतो, पत्र्याला गेज असते. या झाडाला गेज कोणते लावायचे?" प्रश्न अस्सल व्यापाऱ्याचा होता. मालाची पारख नसेल तर घेणारा फसतो, आणि पुढे तोच माल विकायला निघाला तर नकळत दुसऱ्यास फसवतो. म्हणून हा लेख.

या दुसऱ्या गोष्टीचा अनुभव आम्हास स्वतःला आहे, तो आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या नर्सऱ्यांतून हिंडताना एका उत्पादकाकडे पिवळ्या काठाच्या स्नेकची मोठमोठी पाने स्वस्तात मिळाली. "पान कापून लावा, झाड येते," असे त्याने सांगितले. त्याच सुमारास ओळखीच्या एका डॉक्टरांनी नव्या दवाखान्यासाठी पिवळ्या काठाच्या वीस कुंड्या आमच्याकडे मागितल्या होत्या. आम्ही हिशेब केला, बयाणा घेतला, पानांचे तीन-तीन बोटांचे तुकडे करून गच्चीवर लावले. मुळे फुटली, महिन्यांमागून महिने गेले, पिल्ले वर आली. एकूण एक पिल्लू हिरवे! पिवळ्या काठाचा मागमूस नाही. दवाखान्याचा दिवस तोंडावर आला तेव्हा पदरचे पैसे घालून बाजारभावाने वीस कुंड्या आणून द्याव्या लागल्या. ती हिरवी झाडे पुढे वर्षभर आमच्या जिन्यात उभी होती.

नर्सरीतल्या एका वृद्ध माळ्याला हा प्रकार सांगितला तेव्हा तो हसला. म्हणाला, "साहेब, त्याने खोटं कुठं सांगितलं? झाड येतं म्हणाला, आलं. पान देतोस की पिल्लू देतोस, हे तुम्ही विचारायला हवं होतं."

काठ का गेला?

पिवळ्या काठाच्या या झाडाला बाजारात 'लॉरेन्टी' म्हणतात. एमिल लोराँ या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाला ते आफ्रिकेतील काँगोमध्ये मिळाले. १९०४ साली तेथून परतताना त्यांचे निधन झाले. नाव मात्र झाडाबरोबर जगभर गेले. या झाडाच्या पानात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. मधल्या भागातील पेशी हिरवे द्रव्य तयार करतात, काठाच्या पेशी करीत नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी वाढतात, पण एकमेकींत मिसळत नाहीत. पान कापून मातीत लावले की नवा कोंब आतल्या पेशींपासून फुटतो. काठाच्या पेशींचा त्यात वाटा नसतो.

आमच्या कलईगर बांधवांना हे चटकन समजेल. कलई केलेल्या तांब्याच्या भांड्याचा तुकडा तोडून वितळवला तर हाती तांबेच येते. त्यातून कलईचे भांडे ओतून निघत नाही. पिवळा काठ हा असा वरचा थर आहे. तो टिकवायचा तर मातीखालचा गड्डा फोडून, मुळासकट फुटवा वेगळा करावा लागतो. गड्ड्यावरच्या कोंबाच्या टोकाशी दोन्ही थर आधीपासूनच असतात, म्हणून तेथून निघालेले पिल्लू आईसारखे येते. नेहमी येतेच असे मात्र नाही. पिवळ्या काठाच्या कुंडीतही मधूनच एखादा निव्वळ हिरवा फुटवा निघतो. तो जोमाने वाढतो आणि हळूहळू कुंडी व्यापतो, म्हणून दिसताच काढून वेगळा लावावा. क्वचित पूर्ण पिवळा फुटवाही येतो. तो दिसायला फार सुंदर असतो, आणि अशा वेळी विकणाऱ्याचे डोळे चमकतात. पण त्यात हिरवे द्रव्यच नसते. आईच्या गड्ड्यावर आहे तोवर तो जगतो; तोडून वेगळा केला की फार दिवस टिकत नाही. असा फुटवा कोणी 'दुर्मिळ जात' म्हणून सुटा देऊ लागला तर हात जोडावेत.

हीच गोष्ट 'बँटेल्स सेन्सेशन' या पांढऱ्या उभ्या रेघांच्या नाजूक जातीची, आणि हीच 'गोल्डन हानी' या बुटक्या पिवळ्या जातीची. पान लावाल तर रेघ जाईल, पिवळेपणा जाईल. या जातींचा भाव चढा राहतो त्याचे एक कारण हेच आहे. साध्या हिरव्या स्नेकच्या एका पानापासून पाच-सात झाडे होतात. रेघेच्या झाडाला पिल्लू येण्याची वाट पाहावी लागते, आणि बँटेल्स सेन्सेशन तर वाढीला फार मंद. आमच्या स्नेह्यांच्या हजाराच्या कुंडीत हीच जात होती. भाव जास्त होता, पण माल खरा होता.

पारख कशी करावी

आता गेजकडे येऊ. नर्सरीच्या पाटीवर विसंबू नये. ती पाटी मालाबरोबर ट्रकमधून येते, आणि ट्रकमध्ये कुंड्या हलतात. आंध्रातील गोदावरीकाठच्या कडियम भागातून आपल्याकडे झाडांचे ट्रक येतात. त्यांतल्या कित्येक कुंड्यांवर नाव नसतेच, उतरवून घेणारा जे आठवेल ते लिहितो. म्हणून झाडच वाचायला शिकावे.

आधी पानाचा आकार पाहावा: चपटे आहे, पन्हाळीसारखे खोलगट आहे, की काठीसारखे गोल. मग काठ पाहावा. साध्या स्नेकच्या, म्हणजे शास्त्रीय भाषेत 'ट्रायफॅसियाटा'च्या पानाला काठाशी हिरवाच रंग असतो. इतर अनेक जातींत काठावर तांबूस-तपकिरी बारीक रेघ असते, जणू शिंप्याने धावदोरा घातला आहे. ही रेघ दिसली की समजावे, हा माल वेगळा. त्यानंतर पट्टे: आडवे, नागमोडी, ठिपक्यांचे की नाहीतच. शेवटी एका फुटव्याला पाने किती, हे मोजावे. ट्रायफॅसियाटाच्या फुटव्याला सहसा दोन ते सहा पाने असतात. एकाच फुटव्याला डझनभर अरुंद पाने दिसली तर ती निराळी जात आहे.

ट्रायफॅसियाटातच बागवानांनी इतके प्रकार जमवले आहेत की नवशिक्याचे डोके फिरते. उंच, गर्द हिरवे, फिकट पट्ट्यांचे ते मूळ रूप. त्याला पिवळा काठ म्हणजे लॉरेन्टी. पान आखूड व रुंद असून काठ पिवळा असेल तर 'फ्युचुरा सुपर्बा'. तशाच आखूड बांध्याचे पण राखाडी-चंदेरी आणि काठाविना असेल तर 'फ्युचुरा रोबस्टा'. मधला भाग जवळजवळ काळपट आणि पिवळा काठ ठसठशीत असेल तर 'ब्लॅक गोल्ड'. काळपट पानावर फिकट लाटा, पण पिवळे काही नाही, तर 'ब्लॅक कोरल'. सगळे पान चंदेरी-पिस्ता रंगाचे आणि काठाला बारीकशी गडद रेघ असेल तर 'मूनशाईन'. ही मूनशाईन लोकांना फार आवडते, आणि हिच्याबद्दलच्या तक्रारीही फार. अंधाऱ्या दुकानात ठेवली की वर्षभरात पाने हिरवी पडतात. घेणारा म्हणतो, फसवले. फसवलेले नसते. पान जुने झाले की आणि उजेड कमी पडला की तिचा रंग गडद होतोच. खिडकीजवळ नेली की नवी पाने पुन्हा फिकट येतात. म्हणून रंगावरून जात ठरवताना झाड कोठे ठेवले होते हे विचारावे. एकाच आईची दोन पिल्ले, एक उन्हातले आणि एक जिन्यातले, दोन जाती म्हणून विकलेली आम्ही पाहिली आहेत.

बुटक्या, घरट्यासारख्या पसरट जातीला 'हानी' म्हणतात. आपल्या भाषेत या शब्दाचा अर्थ वाईट आहे, पण ते एका माणसाचे आडनाव आहे. १९३९ साली अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या एका नर्सरीत विल्यम स्मिथ यांना हे बुटके झाड प्रथम आढळले. १९४१ साली त्याचे पेटंट पिट्सबर्गच्या सिल्व्हन हान यांच्या नावे झाले. सापडले एकाला, सनद दुसऱ्याला, आणि झाडाला नाव सनदवाल्याचे! व्यापारी बांधवांस यात नवल वाटणार नाही.

आता सर्वांत मोठा गोंधळ. चंदेरी-हिरव्या, रुंद पानांच्या आणि नागमोडी पट्ट्यांच्या झाडाला सर्रास 'झेलॅनिका' म्हणून विकतात. झेलॅनिका म्हणजे सिलोनची, श्रीलंकेची. खरी झेलॅनिका अरुंद आणि खोलगट पानांची असते. बाजारात त्या नावाने मिळते ती बहुतेक वेळा आफ्रिकेच्या ट्रायफॅसियाटाचीच एक तऱ्हा असते. झाड वाईट नाही, उलट चिवट आहे. पण कोणी 'अस्सल सिलोनी' म्हणून जादा भाव लावला तर पान पाहावे. दोन-तीन बोटे रुंद आणि सपाट असेल तर जादा पैसे देऊ नयेत.

खुद्द आपल्या देशाचीही एक जात आहे, आणि शौकिनांच्या संग्रहात तीच बहुधा नसते. तिचे नाव 'रॉक्सबर्गियाना'. पूर्वीच्या काळी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख असलेल्या विल्यम रॉक्सबर्ग यांच्यावरून ते पडले. पूर्व किनाऱ्याकडे ती रानात आढळते. पाने बोटभर रुंद, पन्हाळीसारखी, आणि एका फुटव्याला पुष्कळ. या पानांतून पांढरा, मजबूत धागा निघतो. जुन्या काळी धनुष्याच्या दोरीसाठी तो वापरीत, म्हणून इंग्रजांनी या साऱ्या कुळालाच धनुष्याच्या दोरीचा ताग असे नाव दिले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने फ्लोरिडात याच कुळापासून दोरखंडाचा धागा काढण्याचे प्रयोग केले होते. आज शोभेसाठी जे झाड आपण पुसून ठेवतो ते मुळात दोर वळणाऱ्या कारागिराचे झाड होय.

गोल पानांचा बाजार

काठीसारख्या गोल पानांचे स्नेक हल्ली वेणी घालून विकतात. हे 'सिलिंड्रिका', मूळ देश अंगोला. पानावर बारीक उभ्या चरी असतात आणि पाने पंख्यासारखी पसरतात. तिचीच आखूड, जाडजूड तऱ्हा 'बोन्सेल' नावाने येते, तिला कोणी स्टारफिश म्हणतात. सडपातळ गोल पाने, पंखा न करता एकेकटी उभी राहणारी असतील तर ती 'बॅक्युलॅरिस' असू शकते. बाजारात तिला 'मिकाडो' म्हणतात.

वेणीबद्दल दोन शब्द. वेणीसाठी कित्येकदा सुटी पाने कापून, मुळे फोडून, एकत्र गुंफून कुंडीत रोवलेली असतात. फसवणूक म्हणावी असे यात काही नाही, पण घेणाऱ्यास माहीत असावे की ही वेणी उंच होणार नाही. कापलेले पान वर वाढत नाही. पुढे मातीतून फुटवे येतात ते वेणीच्या बाहेर, वाटेल तसे. परदेशातले काही उत्पादक तर पानांची टोके लाल-निळी रंगवून पाठवतात. तो रंग डब्यातला असतो, नव्या पानाला येत नाही.

गोल पानांत आणखी एक चकवा आहे, आणि संग्रह करणारे जाणते लोकही त्यात अडकतात. या जातींचे लहानपणाचे रूप वेगळे असते. सिलिंड्रिकाच्या कोवळ्या रोपाची पहिली पाने गोल नसतात, खोलगट असतात. पूर्व आफ्रिकेतील 'फिशरी' नावाच्या जातीत तर लहानपणी ठिपकेदार पसरट पानांचा झुबका असतो, आणि झाड वयात आले की एकच जाड, भाल्यासारखे गोल पान जमिनीतून निघते. ज्याने दोन्ही रूपे पाहिली नाहीत तो एकाच झाडाची दोन नावे लिहून ठेवतो आणि दोनदा पैसे देतो. लहान रोप घेताना आईची कुंडी दाखवा म्हणावे. दाखवणारा विक्रेता मिळाला की त्याला सोडू नये.

रुंद पानाची राणी म्हणजे 'मेसोनियाना', बाजारी नाव 'व्हेल फिन', देवमाशाचा पर. मूळ काँगोची. मॉरिस मेसन या इंग्रज संग्राहकाने ती तेथून आणली, आणि शास्त्रात तिची नोंद थेट २००० साली हुआन चाहिनियन यांनी केली. तोवर कित्येक वर्षे ती लोकांच्या कुंड्यांत बिननावाची वाढत होती. एकच पान, वीतभर रुंद, त्यावर फिकट ठिपके. हिची कुंडी घेताना पान हलक्या हाताने हलवून पाहावे. सहज डोलले तर पान नुसते खोचलेले आहे, मूळ धरलेले नाही. पांढऱ्या-पिवळ्या रेघांची मेसोनियाना मोठ्या भावाने विकली जाते. तिचेही पान लावून रेघ टिकण्याचा भरवसा नाही, हे वर सांगितलेच आहे.

अरबस्तानाशी संबंध असलेली जातही आहे. 'एरेनबर्गी' ही पूर्व आफ्रिकेपासून येमेन, ओमानपर्यंत कोरड्या मुलखात उगवते. पाने तलवारीच्या पात्यासारखी जाड, एकावर एक रचलेली, काठाला तांबडी रेघ. हिची बुटकी रूपे 'समुराई' किंवा 'बनाना' नावाने मिळतात. सोमालियातील 'आयलेन्सिस' ही आणखी विरळ. आखूड, वाकडी, खडबडीत पाने. फार हळू वाढते. आम्ही ती एका शौकिनाकडे पाहिली, मागितली नाही, कारण त्याने दिली नसती.

नाव बदलले, माल तोच

पाटीवर कधी 'सान्सेवेरिया' आणि कधी 'ड्रॅसिना' लिहिलेले दिसते. यावरून भावात फरक करणारे विक्रेतेही आहेत, म्हणून खुलासा करतो. सान्सेवेरिया हे कुळनाव स्वीडनच्या थुनबर्ग यांनी १७९४ साली रूढ केले. आपल्या साध्या स्नेकला ट्रायफॅसियाटा हे नाव डेव्हिड प्रेन यांनी १९०३ साली दिले, तेही बंगालच्या वनस्पतींवरील ग्रंथात. म्हणजे आफ्रिकेच्या झाडाचे बारसे हिंदुस्थानातील झाडांच्या पुस्तकात झाले. एकविसाव्या शतकात झाडांची जनुके तपासून असे दिसले की हे सारे कुळ ड्रॅसिनाच्या कुळातच बसते, आणि २०१७ पासून शास्त्रीय यादीत साधे स्नेक 'ड्रॅसिना ट्रायफॅसियाटा' झाले. सिलिंड्रिकाला आता 'ड्रॅसिना अंगोलेन्सिस' म्हणतात. माल तोच आहे. जुन्या पाट्या फेकू नका. दोन्ही नावे लिहून ठेवा, कारण ग्राहक अजून जुन्यानेच विचारतो.

गुण सांगताना

विकणाऱ्यांनी आणखी एका बाबतीत जीभ आवरावी. 'हे झाड रात्री प्राणवायू देते, खोलीची हवा शुद्ध करते, डॉक्टर लागत नाही,' असे सांगून कुंड्या खपवल्या जातात. खरे एवढेच की हे झाड वाळवंटी झाडांप्रमाणे पाणी वाचवण्यासाठी पानांची छिद्रे मुख्यतः रात्री उघडते आणि कर्बवायू रात्री आत घेते. प्राणवायू मात्र उजेडातच तयार होतो. १९८९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेने बंद पेटीत प्रयोग करून काही झाडे हवेतील घातक वाफा कमी करतात असे दाखवले, त्यात लॉरेन्टीही होती. पण पेटी आणि दुकान यांत फरक आहे. २०१९ साली अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात असे निघाले की उघड्या खिडकीने जेवढी हवा बदलते तेवढे काम झाडांकडून करून घ्यायचे तर दर चौरस मीटरला दहापासून हजारपर्यंत झाडे ठेवावी लागतील. तेव्हा माणसास बसायला जागा राहणार नाही. झाड देखणे आहे, चिवट आहे, कमी पाण्यावर जगते, एवढे गुण विकायला पुरेसे आहेत. आणि पानांत विषारी अंश असतो. मांजरीने किंवा लहान मुलाने चावले तर उलटी-मळमळ होऊ शकते, हेही सांगून टाकावे.

संग्रह आणि थोडा धंदा

ज्यांना हा छंद जमवायचा आहे त्यांनी पहिल्या दिवसापासून वही ठेवावी. कुंडी कोठून घेतली, कोणत्या तारखेस, कोणत्या नावाने, आणि मुख्य म्हणजे पानापासून की पिल्लापासून. कुंडीत खुणेची पट्टी हवी. प्लॅस्टिकच्या पट्टीवर मार्करने लिहिलेले एका उन्हाळ्यात उडते. आमच्या पत्रेवाल्या बांधवांकडे अॅल्युमिनियमच्या कातरणी फुकट पडलेल्या असतात. त्यावर खिळ्याने कोरलेले नाव झाड मेले तरी राहते. ज्या झाडाचे नाव खात्रीने माहीत नाही त्यावर अंदाजाने नाव कोरू नये.

झाड जपण्यात फारसे काही नाही. मातीत अर्धी वाळू, विटांचा चुरा किंवा खडी मिसळावी, पाणी वरची माती पूर्ण सुकल्यावरच द्यावे. हे झाड तहानेने मरत नाही, प्रेमाने मरते. कोकणात आणि मुंबईस पावसाळ्यात उघड्यावर ठेवले की बुंध्याशी पान पिवळे पडून मऊ होते, वास येतो, ती कूज. सडलेला भाग कापून टाकावा, उरलेले दोन-चार दिवस सुकवून कोरड्या वाळूत लावावे. पानांच्या बेचक्यात कापसासारखा पांढरा कीटक, पिठ्या ढेकूण, बसतो. तो ओल्या फडक्याने पुसून काढावा. पानाचे टोक मोडू देऊ नये, मोडले की ते पान वाढायचे थांबते. कुंडी फुटली तर घाबरू नये, आतला गड्डा फुगला की मातीच्या कुंडीला तडा जातोच. तीच विभागणीची वेळ समजावी. साध्या हिरव्या जातीचे पान लावायचे असेल तर तुकड्याची खालची बाजू खुणेने ध्यानात ठेवावी. उलटा लावलेला तुकडा मूळ धरत नाही.

ज्यादा पिल्ले विकून हातखर्च निघतो, कधी त्याहून थोडे अधिक. घरात बसून काम करणाऱ्या भगिनींना गच्चीवर हे सहज जमते. पण विरळ जातीत मोठी रक्कम अडकवू नये. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये लोकांना घरातल्या झाडांचा नाद लागला आणि रेघेच्या पिल्लाला वाटेल तो भाव मागितला गेला. पण आज जे विरळ आहे त्याची थायलंड, इंडोनेशियातील उत्पादक रोपे वाढवीत असतात; ती बाजारात आली की भाव उतरतो. ज्याने भावाकडे पाहून घेतले त्याला पश्चात्ताप होतो, ज्याने झाडाकडे पाहून घेतले त्याच्याकडे झाड तरी राहते.

सुट्टीवर येताना बँकॉक किंवा दुबईहून बॅगेत पिल्लू लपवून आणण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. २००३ च्या वनस्पती आयात आदेशाप्रमाणे परदेशी रोप आणण्यास आधी परवाना आणि त्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. विमानतळावर झाड जाईल, मनस्ताप राहील. शिवाय एका पिल्लाच्या मातीबरोबर येणारी कीड साऱ्या मोहल्ल्याच्या कुंड्यांना पुरते.

आमचे हार्डवेअरवाले स्नेही आता चांगले मुरले आहेत. त्यांच्याकडे तेवीस कुंड्या आहेत, त्यांतील चारांच्या पट्टीवर नाव नाही, फक्त तारीख आणि गाव कोरलेले आहे. नाव सापडेपर्यंत त्या कोणास विकायच्या नाहीत, असे त्यांनी दुकानात बसणाऱ्या मुलाला बजावून ठेवले आहे.